पडद्यामागची रिकामी जागा

मित्रांनो, मला दोन बाजू आहेत. पुढची बाजू लाल. तिला काळ्या मखमलीची किनार आहे आणि मेंढ्याच्या शिंगांसारखी वळणं घेणारं रेशमी भरतकाम आहे. मागची बाजू साधी, उलट्या टाक्यांची, गाठींची. पुढची बाजू सगळ्यांनी पाहिली आहे. मागची फार थोड्यांनी पाहिली, आणि त्यांतल्या बहुतेकांचे डोळे तेव्हा मिटलेले होते.

मी पडदा आहे. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोल तंबूत, युर्तमध्ये, एका बाजूला टांगायचा, बराच जुना पडदा. सध्या नारीन नदीच्या खोऱ्यातल्या एका लहान शहरात, संग्रहालयाच्या मोठ्या दालनात राहतो.

मला आयिमकान नावाच्या मुलीच्या आईनं एका हिवाळ्यात शिवलं. बाहेर बर्फ होतं आणि आत चुलीजवळ ती माउली टाके घालत बसे. शेजारीण एकदा म्हणाली, "मागून अस्तर लाव गं, गाठी दिसतात."

आई म्हणाली, "दिसू देत. आत बसणाऱ्या नवरीला कळू दे, बाहेरून छान दिसायला आतून किती गाठी माराव्या लागतात ते."

आयिमकान लग्न होऊन सासरी आली तेव्हा तिला माझ्यामागे बसवलं. सासरच्या बायका पुढं गर्दी करून उभ्या.

"दाखवा की नवरी! नाक आहे ना तिला?"

"आहे, चांगलं आहे. पण हातात काही ठेवल्याशिवाय दिसायचं नाही. तुझ्या लग्नात तुझी सासू फुकट दाखवत होती काय?"

"माझं नाक बघायला कुणी आलंच नव्हतं!"

मागं बसलेली आयिमकान हसू दाबत होती. तिचा श्वास माझ्या कापडावर येत होता आणि मी हलकेच पुढं-मागं होत होतो. आयुष्यातलं पहिलं हलणं मला तिनं शिकवलं.

त्याच वर्षी तिचा सासरा वारला. घरात चांगला पडदा एकच. मग मलाच काढलं आणि युर्तच्या डाव्या हाताला, पुरुषांच्या बाजूला टांगलं. माझ्यामागे म्हाताऱ्याला निजवलं. बायका आत, नमद्याच्या भिंतीकडे तोंडं करून बसल्या आणि गाऊन रडू लागल्या. घरचे पुरुष बाहेर दाराशी काठ्यांवर वाकून उभे राहिले. मी तसाच टांगलेला होतो, पण हललो नाही. लग्नात मागून श्वास येतो, मयतात येत नाही. हा फरक मला कुणी शिकवावा लागला नाही.

पुढं आसपासचे लोक मला उसना नेऊ लागले. कुणाची सून आली की मी, कुणाचा बाप गेला की मी. "आयिमकानचा पडदा आणा" एवढंच म्हणत. कशासाठी, ते विचारावं लागत नसे. ते आणायला आलेल्याच्या चेहऱ्यावरच दिसे.

मग मोठं युद्ध आलं. आयिमकानचा नवरा जोलचू त्यात गेला आणि तिकडेच, परक्या मातीत राहिला. घरी फक्त बातमी आली. निजवायला माणूस नव्हता. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांनी फार जुनी रीत काढली. डाव्या बाजूला जोलचूचं खोगीर ठेवलं, त्यावर लाकडाची चौकट उभी केली, चौकटीला त्याचा कोट चढवला, वर त्याची पांढरी उंच टोपी ठेवली. शेजारी मला टांगलं. आयिमकान त्या कोटापाशी वर्षभर बसून रडली. माझ्यामागे काही नव्हतं. नुसता जमिनीचा तुकडा होता. पण त्या वर्षात त्या तुकड्यावर कुणी पाय दिला नाही, पोरांनीसुद्धा नाही.

नंतर विटांची घरं आली. मी पेटीत गेलो. कसर लागू नये म्हणून माझ्या घड्यांत आर्चाच्या, म्हणजे आमच्या डोंगरातल्या ज्युनिपरच्या, वाळक्या डहाळ्या घातल्या होत्या. त्यांचा वास उडून गेला, त्या पुन्हा बदलल्या, आणि मग बदलणारं कुणी उरलं नाही. आयिमकानच्या नातीनं पेटी उघडली तेव्हा मला ओळखण्याइतकं तिला काही ठाऊक नव्हतं. "केवढं सुंदर काम!" म्हणाली आणि संग्रहालयाला देऊन टाकलं. तिचं काही चुकलं नाही.

आता या दालनाबद्दल सांगतो. इथं आत एक खराखुरा युर्त उभा केला आहे. तो मांडायला राजधानीतून, बिश्केकहून, एक हुशार, गोड स्वभावाचा तरुण आला होता. त्यानं कागदावर नकाशा काढला. उजवीकडे बायकांची भांडी, डावीकडे पुरुषांच्या वस्तू. डावीकडे त्यानं खोगीर ठेवलं. कोट नुसता जमिनीवर कसा ठेवायचा, म्हणून लाकडी चौकट करून खोगिरावर उभी केली, कोट चढवला, वर टोपी ठेवली. माझा लाल रंग दिव्यात खुलतो म्हणून मला त्याच्या शेजारी टांगलं. माझ्यामागे, नमद्याच्या भिंतीला लागून काचेची पेटी ठेवली आणि तीत नवरीचे चांदीचे दागिने मांडले. लोक खोगीर बघतील, पडद्याला वळसा घालून मागं जातील आणि चांदी बघून थक्क होतील, असा त्याचा बेत होता. मधली चूल अर्थात थंड, कारण संग्रहालयात विस्तव चालत नाही.

आपण काय मांडून ठेवलं आहे हे त्याला कळलं नाही. तिथं कुणालाच कळलं नाही. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं ते सगळे मातीखाली होते. मला कळलं होतं, पण कापडाला तोंड नसतं.

मग लोक येऊ लागले. मित्रांनो, तुम्ही संग्रहालयात वस्तू बघता, तेव्हा वस्तूही तुम्हाला बघत असतात. आम्हाला दुसरं काम काय? मी पाहिलं की परदेशी माणसं दारातून वाकून आत शिरतात आणि आधी छताच्या गोल झरोक्याकडे बघतात. शाळेची पोरं आधी एकमेकांकडे बघतात. आमच्या खोऱ्यातली माणसं मात्र उंबऱ्यावर पाय न देता आत येतात, दोन पावलं टाकतात आणि थांबतात.

एकदा एक जोडपं भांडत आलं.

"कपडे धुवायचं यंत्र घ्यायचं म्हणजे घ्यायचं!"

"तुझ्या भावानं घेतलं म्हणून?"

"माझ्या भावाचं नाव—" आणि बाई युर्तमध्ये शिरली. तिचा आवाज एकदम खाली आला. "—माझ्या भावाचं नाव काढू नकोस," ती कुजबुजली. नवराही कुजबुजत म्हणाला, "बरं, नाही काढत." दोघं माझ्याकडे न बघता, कडेकडेनं फिरले, आणि बाहेर पडल्यावर पुन्हा ओरडून भांडू लागले.

एक मुलगी फोनवर बोलत आली. "अगं नंतर करते... नाही, कुणी नाहीये इथं... माहीत नाही गं, मोठ्यानं बोलवत नाही."

म्हातारे बाहेर पडताना दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवत. मयताच्या घरून निघताना फिरवतात तसे. का फिरवले, असं विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि माझ्यामागे, त्या चांदीकडे, कुणीही जात नसे.

संग्रहालयाचे प्रमुख ओमुरझाक यांना याचा फार त्रास होई. ती चांदी त्यांचा अभिमान होती. शेवटी त्यांनी जिपारला बोलावलं. जिपार विज्ञान शिकलेली, बिश्केकमध्ये उंच इमारतीत वाढलेली. माणसं संग्रहालयात कुठं थांबतात, कुठून वळतात, काय टाळतात, याचा अभ्यास करणं हेच तिचं काम. ती पिवळ्या नाड्यांचे बूट घालून आली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"अंधार आहे, बायके," ती ओमुरझाकना म्हणाली. आमच्याकडे वयानं मोठ्या पुरुषाला बायके म्हणतात आणि बाईला एजे.

"मग दिवा लाव."

दिवा लावला. कुणी गेलं नाही. मग तिनं जमिनीवर बाण चिकटवला. लोकांनी बाण पाहिला आणि उलट दिशेला वळले. मग तिनं माझ्या कडेला मुलांसाठी गोळ्यांची वाटी ठेवली. दालन सांभाळणाऱ्या कानिशाय एजे कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"माणसं म्हणजे मेंढ्या आहेत का गं, मीठ ठेवून बोलवायला?"

"बघू तरी, एजे."

पोरं आली. दूर उभी राहून लांब हात केले आणि गोळ्या उचलल्या. पाऊल एकानंही पुढं टाकलं नाही.

मग जिपारनं हवेचा झोत येतो का ते तपासलं. कापसाचा एक तंतू दोऱ्याला बांधून तो माझ्याभोवती सगळीकडे धरला. तंतू लोंबत राहिला. शेवटी तिनं सकाळी दालन उघडण्याआधी युर्तच्या गडद फरशीवर खडूची बारीक पूड पसरली.

"फरशी मी पुसायची आणि तू खडू सांडायचा!" कानिशाय एजे करवादल्या.

"फक्त आजचा दिवस, एजे."

"आजचा दिवस म्हणणाऱ्यांनीच माझी कंबर मोडली."

दालन बंद करायच्या वेळी त्या दोघी आत आल्या. फरशीवर पावलांचा चिखल झाला होता. बूट, चपला, पोरांचे लहान पाय. फक्त माझ्यामागे पूड जशीच्या तशी होती. त्या अखंड पांढऱ्याला एक आकार होता. लांबट. एक माणूस आडवा होईल एवढा.

जिपार उंबऱ्याशी उकिडवी बसली. मग म्हणाली, "एजे, तुम्ही मागं झाडता ना?"

"मागं कचराच होत नाही. कचरा करायला कुणी जावं लागतं."

"आणि धूळ?"

कानिशाय एजेंनी डोक्याचा रुमाल उगाचच सारखा केला. "धूळ आहे तशी असू दे. मला तिकडे कंटाळा येतो म्हण."

"मी जाते," जिपार म्हणाली आणि माझ्या कडेनं मागं गेली. काचेची पेटी बघितली, परत आली आणि वळून फरशीकडे पाहिलं. तिची स्वतःची पावलं पुडीत उमटली होती. ती सरळ गेली नव्हती. ती भिंतीला घासून, त्या लांबट जागेला वळसा घालून गेली होती, आणि आली होती ती पण तशीच.

"मी असं ठरवलं नव्हतं," ती हळूच म्हणाली.

कानिशाय एजेंनी बादली उचलली.

आता ज्या बाईमुळे मी हे सगळं सांगायला बसलो, तिच्याकडे येतो. तिचं नाव सायराकान. वरच्या एका गावातून ती बाजाराच्या दिवशी नवऱ्याबरोबर शहरात येई. नवरा, कालमात, मेंढ्यांच्या बाजारात जाई आणि ती खरेदी करी. एकदा फार गारठा होता म्हणून ती पाय शेकायला संग्रहालयात शिरली, आणि फिरत फिरत युर्तमध्ये आली. तिनं कोट पाहिला, टोपी पाहिली, मला पाहिलं. हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या आणि माझ्याजवळ, नमद्याच्या भिंतीकडे तोंड करून बसली. रडली नाही. नुसती बसली.

त्यानंतर दर बाजाराला ती येऊ लागली.

"आज पण पाय गारठले?" कानिशाय एजे विचारत.

"हो गं, माझ्या पायांना लाजच नाही," ती म्हणे.

एकदा मात्र तिनं सांगितलं. तिचा मुलगा तिलेक रशियात लाकूडतोडीच्या कामावर गेला होता. तिथं नदीवर लाकडं वाहून नेताना नाव उलटली. बाकीचे सापडले, तिलेक सापडला नाही. या गोष्टीला दोन हिवाळे झाले होते. गाडायला देह नाही, म्हणून आमच्याकडे मयतासाठी उभारतात तो युर्तही गावात उभारला नाही.

"रडले तर नवरा म्हणतो, जिवंत पोराला मारतेस का?" सायराकान म्हणाली. "नाही रडले तर बायका म्हणतात, दगड आहे ही. रोज त्याच्या वाडग्यात चहा ओतते. रोज तो गार होतो, फेकते. मी काय करायचं ते मला कुणीतरी सांगा गं. रडायचं की वाट बघायची? दोन्ही एकदम होत नाही माणसाकडून."

कानिशाय एजे तिच्याशेजारी टेकल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

जिपार बाहेरून हे ऐकत होती. सबंध शहरात माझ्याजवळ बसणारी ही एकच बाई. ती तिथं काय करते हे जिपारला बघायचं होतं, पण जिपार दिसली की बाई उठून जाई. म्हणून पुढच्या बाजाराच्या दिवशी जिपारनं एक छोटं स्टूल घेतलं आणि ती माझ्यामागे, काचेच्या पेटीशी अंग चोरून बसली. त्या लांबट जागेच्या अगदी कडेला. तिच्या मनात कपट नव्हतं. कुतूहल होतं. पण कितीतरी वर्षांनी माझ्या मागच्या बाजूवर कुणाचा तरी श्वास आला, आणि मी शहारलो.

सायराकान आली. बसली. त्या दिवशी तिचे ओठ कोरडे होते. तिनं प्रथमच माझ्याकडे तोंड केलं.

"तिलेक," ती म्हणाली. "ऐकतोयस ना रे?"

जिपारचा श्वास अडखळला. मी थोडासा हललो. सायराकाननं ते पाहिलं.

"मला आता होत नाही, बाळा. आज सांग. जिवंत असशील तर पडदा हलव. मी घरी जाऊन चहा ओतीन, मरेपर्यंत ओतीन. नसशील तर गप पडून राहा. मी तुझ्यासाठी रडीन."

जिपारनं दोन्ही हात तोंडावर दाबले. बाहेर यावं तर ही बाई काय समजेल? श्वास सोडावा तर मी हलणार, आणि मेलेल्या पोराची आई जन्मभर वाट बघत बसणार. न सोडावा तर कदाचित जिवंत असलेल्याला आपण मारणार.

आणि नेमका त्याच वेळी संग्रहालयाचा मोठा दरवाजा कुणीतरी सताड उघडला. वारा दालनातून आला. चौकटीवरच्या कोटाची बाही उचलली गेली आणि पडली. छतातून लोंबणारे लोकरीचे गोंडे गोल फिरले. वारा माझ्यावर पुरता आदळला. मित्रांनो, मी हलकं कापड आहे. मी शिडासारखा फुगायला हवा होतो.

मी हललो नाही.

माझी खालची किनार कुणीतरी धरली होती. ज्या बाजूला जिपार होती त्या बाजूची नाही, दुसरी, रिकाम्या जागेकडची. जिपारचे दोन्ही हात तिच्या तोंडावर होते, ते मला दिसत होते. तरी माझ्या मखमलीवर बोटं होती. ती थंड नव्हती, गरमही नव्हती. दालनातली हवा जेवढी होती तेवढीच. त्यांनी मला घट्ट, नीट, काळजीनं धरून ठेवलं, वारा थांबेपर्यंत.

सायराकाननं हलणारी बाही पाहिली, फिरणारे गोंडे पाहिले, आणि मी हललो नाही ते पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"बरं," ती म्हणाली.

मग ती भिंतीकडे वळली आणि तिनं रडणं सुरू केलं. आमच्या बायका गाऊन रडतात. आधी आवाज इतका बारीक होता की तो नमद्यालाच ऐकू गेला असेल.

"पाय तुझे मोठे रे, बूट मिळेना बाजारी,
 अनवाणी गेलास रे पाण्याच्या दारी..."

दुसऱ्या ओळीला आवाज युर्तबाहेर गेला, तिसऱ्या ओळीला दालनाबाहेर. आमच्याकडे हा आवाज कानावर आला की माणसाला पुढं जाता येत नाही. शाळेच्या मुलींना घेऊन आलेली शिक्षिका थांबली. ट्रकचालकासारखा दिसणारा एक दांडगा माणूस थांबला. काठी टेकत आलेल्या एका म्हाताऱ्यानं युर्तच्या दारातून आत पाहिलं. थंड चूल, खोगीर, कोट, टोपी, मी. त्यानं कसलीच चौकशी केली नाही. तो "अरे माझ्या लेकराऽऽ" असा मोठ्यानं टाहो फोडत दाराशी वाकला, जसं आमच्याकडे पुरुष मयताच्या युर्तपाशी येताना करतात. ट्रकचालकानं त्याच्यामागून तेच केलं. बायका आत शिरल्या, सायराकानच्या दोन्ही बाजूंना बसल्या, भिंतीकडे तोंडं केली. मुलींना कुणी सांगितलं नाही, त्याही बसल्या.

ओमुरझाक धावत आले. "हे काय चाललंय? हे संग्रहालय आहे!"

"बायके, आवाज खाली," कानिशाय एजे म्हणाल्या.

"अहो, पण कोण वारलंय?"

"नाव तिच्या तोंडून येतंय, ऐका. आणि तिथं मधे उभे राहू नका."

ओमुरझाकनी दाराकडे पाहिलं, दाराशी वाकलेल्या माणसांकडे पाहिलं. मग तेही तिथं जाऊन मान खाली घालून उभे राहिले.

माझ्यामागे जिपार होती. तिला बाहेर येता येईना. एवढ्या लोकांसमोर मयताच्या पडद्यामागून उठून कसं यायचं? ती स्टुलावर गुडघे जवळ घेऊन बसली. तिनं शेजारच्या त्या रिकाम्या जागेकडे एकदाही पाहिलं नाही.

एवढ्यात कालमात आला. बाजारात कुणीतरी त्याला सांगितलं असणार. अंगाला मेंढ्यांचा वास, हातात गाडीची किल्ली.

"सायराकान! ऊठ. चारचौघांत माझ्या पोराला मारतेस?"

सायराकाननं मान वळवली नाही.

"मी नाही मारलं. मी विचारलं."

"कुणाला?"

तिनं माझ्याकडे बोट केलं.

कालमातनं तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. त्याची नजर खोगिरावर गेली, कोटाच्या रिकाम्या बाह्यांवर, टोपीवर, मग माझ्यावर. माझी किनार अजून धरलेलीच होती. मला वाटतं, तो माणूसही तेवढाच ताठ धरलेला होता, इतके दिवस, कुणाच्या तरी हातात.

आमच्याकडे मेलेल्याचा बाप दाराशी काठीवर वाकून उभा राहतो. कालमातच्या हातात किल्ली होती. म्हातारा अनोळखी होता, शहरातलाच कुणीतरी. त्यानं आपली काठी पुढं केली.

"घे, बाळा. यावर वाकावं लागतं."

"तुम्ही कशावर उभे राहाल, बाबा?"

"मी याच्यावर," म्हणत म्हाताऱ्यानं ट्रकचालकाचा खांदा धरला.

कालमातनं काठीकडे पाहिलं. ती घेतली तर गोष्ट संपणार होती, हे त्याला आणि तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. किल्ली त्याच्या हातातून पडली, फरशीवर वाजली. त्यानं काठी घेतली, युर्तच्या दाराशी बाहेर जाऊन उभा राहिला, कंबरेतून वाकला आणि हाक मारली, "तिलेऽऽक!"

त्या हाकेसरशी माझी किनार सुटली. वारा नव्हता, तरी मी पूर्ण झुललो, छताला लागेन इतका. आतल्या बायकांच्या रुमालांची टोकं उडाली. कुणी किंचाळलं नाही. एका लहान मुलीनं फक्त आपल्या शिक्षिकेचा हात धरला. माझ्यामागची जागा त्यानंतर मला नुसती जमीन वाटू लागली.

रडणं ओसरल्यावर सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. म्हाताऱ्यानं काठी परत घेतली आणि कालमातला जवळ घेतलं. लोक पांगले. जिपार बाहेर आली तेव्हा तिचे पाय बधिर झाले होते. दाराजवळच्या बाकावर सायराकान रुमाल नीट बांधत होती.

"एजे, मला माफ करा," जिपार रडत म्हणाली. "आत मी होते. मी श्वास धरून बसले होते, म्हणून पडदा हलला नाही. तुम्ही समजलात तसं नाहीये."

"ठाऊक आहे मला. खालून तुझे बूट दिसत होते. पिवळ्या नाड्यांचे."

"मग तुम्ही मला का विचारलंत?"

"तुला कशाला विचारू, पोरी?" सायराकान म्हणाली. "तुझ्या शेजारी पडला होता, त्याला विचारलं."

सायराकाननं पिशवीतून बोरसोक, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, काढले आणि तिच्या ओंजळीत ठेवले.

"खा. मयताच्या घरून उपाशी जाऊ नये."

जिपारनं उभ्याउभ्याच खाल्ले. कानिशाय एजेंनीही एक घेतला. ओमुरझाकनी दोन घेतले आणि कुणाला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओमुरझाकनी स्वतःच्या हातांनी कोट आणि टोपी चौकटीवरून उतरवली आणि घडी करून वेगळ्या कपाटात ठेवली. खोगीर दुसरीकडे नेलं. मला मात्र तिथंच राहू दिलं. आता लोक माझ्या कडेनं सहज मागं जातात, चांदी बघून "अबब!" म्हणतात. पोरं तिथं लपाछपी खेळतात. एका नवरा-बायकोनं माझ्यामागे उभं राहून बाजाराचा सगळा हिशेब मोठमोठ्यानं केला. जिपारला हवं होतं ते सगळं झालं, पण ती खडू पसरायला पुन्हा आली नाही. सायराकानही आली नाही. तिच्या गावात त्या आठवड्यात युर्त उभारला, असं कानिशाय एजेंनी ओमुरझाकना सांगताना मी ऐकलं. बोलवल्याशिवायच खोऱ्यातली अर्धी माणसं तिथं गेली होती. आता कुणी माझ्याकडे विशेष लक्ष देत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. पडद्याकडे लक्ष जाऊ नये, हेच बरं असतं.

मित्रांनो, "वस्तूंना हात लावू नका" अशी पाटी तुम्ही सगळ्या संग्रहालयांत वाचली असेल. ती पाळा. जुनं कापड घामानं कुजतं. पण माझी विनंती आणखी थोडी आहे. एखाद्या दालनात पाऊल ठेवल्याबरोबर तुमचा आवाज आपोआप खाली आला, पाय आपोआप वळला, तर हसू नका आणि मुद्दाम सरळही चालू नका. तुमच्या आज्यापणज्यांनी तिथं काही ठेवलं असेल. किंवा कुणाचं तरी रडणं अर्धं राहिलं असेल, आणि ते तुमच्या शेजारीच उभं असेल. त्याला वाट द्या.